एका निखाऱ्याला अख्खी गोवरी

फार जुनी गोष्ट. काडीपेटी अजून जन्माला यायची होती. घाटाच्या पायथ्याला चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात गोंदाजी नावाचा एक माणूस राहायचा. त्याला जगातली एकही वस्तू तिच्या भावाची वाटत नसे.

कुंभाराकडे मडकं घ्यायला गेला की तो आत हात घालून विचारायचा, "ह्यात माती केवढी आणि पोकळी केवढी? मातीपुरते दाणे देतो. पोकळीचे कसले मागतोस?" तेल्याला म्हणायचा, "पेंड तुझ्याकडेच राहिली ना? मग अर्धं तेल फुकट घाल." ते हसायचे, वैतागायचे आणि शेवटी चार दाणे कमी घेऊन त्याला वाटेला लावायचे. त्यांना गिऱ्हाइकं पुष्कळ होती. गोंदाजीला वाटायचं, आपण जिंकलो.

त्याच गावात पाराच्या मागे एका छपरीत एक म्हातारी राहायची. तिचं काम एकच. आग राखायची.

आता आग राखायला माणूस कशाला लागतो, असं तुम्हाला वाटेल. उन्हाळ्यात लागत नाही. पण त्या गावात चार महिने नुसता पाऊस. बायाबापड्या दिवसभर लावणीला चिखलात, घरात चुलीकडे बघायला कोणी नाही, वरून छप्पर गळतंय. संध्याकाळी येऊन बघावं तर चूल गार. चकमकीवर दगड हाणून हात दुखले तरी ठिणगी धरायला कापूस कोरडा नको का? मग माणूस खापराचा तुकडा घेऊन निघायचा तो म्हातारीच्या छपरीत. तिथे बारा महिने आगटी पेटलेली. एक गोवरी ठेवायची, एक निखारा न्यायचा. आज्या-पणज्यापासूनचा तो भाव. पावसाळा सरला आणि दहा-वीस गोवऱ्या उरल्याच, तर म्हातारी त्या कुंभाराला भट्टीसाठी द्यायची आणि थोडी नाचणी घ्यायची. तेवढ्यावर तिचं पोट.

एके दिवशी ज्येष्ठात, पाऊस लागल्या लागल्या, गोंदाजीची चूल विझली. बायको म्हणाली, "जावा, निखारा घेऊन या. आणि त्या म्हातारीशी भांडू नका."

"मी कशाला भांडू?" म्हणत गोंदाजी गेला. गोवरी ठेवली. म्हातारीनं राख सारून चिमट्यानं एक निखारा त्याच्या खापरात टाकला. गोंदाजीनं निखाऱ्याकडे बघितलं. गोवरीकडे बघितलं. मग परत निखाऱ्याकडे.

"म्हातारे, हा निखारा कशाचा?"

"गोवरीचाच."

"केवढ्या गोवरीचा?" असं म्हणून त्यानं आपली गोवरी उचलली आणि गुडघ्यावर आपटून तिचे चार तुकडे केले. त्यातला एक निखाऱ्याशेजारी धरला. "ह्या एवढ्या तुकड्याचा. म्हणजे पाव गोवरीचा माल देतेस आणि अख्खी गोवरी घेतेस! तीन भाग जातात कुठे?"

"आग खाते," म्हातारी म्हणाली.

"आग खाते, का तू खातेस?"

छपरीत आणखी तिघं-चौघं खापरं घेऊन उभे होते. ते फसकन हसले. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. धुरानं रोजच पुसायची, त्यामुळे कोणाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. गोंदाजीनं तीन तुकडे परत घेतले, चौथा तिथे टाकला आणि छाती काढून घरी आला.

संध्याकाळी पारावर त्यानं तोच खेळ करून दाखवला. सगळ्यांसमोर गोवरी फोडली, निखारा ठेवला, मापून दाखवलं. "आपल्याच गोवऱ्या, आपलंच शेण, आणि त्यावर नाचणी खाते कोण, तर ती! बसल्या जागी! तिथं दिवसभर बसण्याखेरीज ती करते काय?"

"खरंच की," एक जण म्हणाला.

"आपल्या लक्षात कसं आलं नाही?" दुसरा म्हणाला.

"गोंदाजीच्या आलं म्हणून," तिसरा म्हणाला, आणि गोंदाजीला रात्रीची भाकरी दोन घास जास्त गेली.

ठरलं. उद्यापासून एका निखाऱ्याला पाव गोवरी. म्हातारीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "द्या काय द्यायचं ते. पण आगीला पुरायची नाही हं, बाबांनो."

"घाबरवते," गोंदाजी म्हणाला.

त्यानं घरी येऊन पडवीतल्या झाडून सगळ्या गोवऱ्या फोडून ठेवल्या. एकेकीचे चार-चार. दर वेळी फोडायचा त्रास नको. बायको म्हणाली, "अहो, तुकडे ओल धरतात." पण हिशेबात मग्न माणसाला हे कुठे ऐकू येतं!

महिनाभर म्हातारीनं पाव तुकड्यांवर आग चालवली. मग साठवणीतल्या गोवऱ्या घातल्या. मग स्वतःच्या बाजेचे दोन पाय घातले. एका सकाळी ती काठी टेकत गोंदाजीच्या अंगणात आली. खापरात राखेखाली निखारे होते.

"गोंदाजी, ही तुमची आग. मी खिंडीपलीकडे भाचीकडे चालले. तिथल्या गावाला आगवाली हवी आहे."

"जा की," गोंदाजी म्हणाला. "आग काय तुझ्या बापाची आहे? आम्ही राखू."

"राखा बाबा. तेवढंच म्हणायला आले," म्हातारी म्हणाली आणि गेली. जाताना तिनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं गोंदाजीला नंतर पुष्कळदा वाटलं.

गावानं पाळ्या लावल्या. एका घरी एक दिवस आग राहायची. सकाळी खापर राखेनं झाकून शेजारच्या घरी द्यायचं. ज्याला निखारा लागेल त्यानं पाळीच्या घरी जायचं. फुकट! मग आपापली चूल राखायचं सगळ्यांनीच सोडलं. सगळे खूश. गोंदाजी तर इतका खूश, की जसा काही आगीचा शोध त्यानंच लावला.

दहाव्या की बाराव्या दिवशी गोंदाजीची पाळी आली.

त्या दिवशी पावसाची झड लागलेली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून बायको तिच्याजवळ माजघरात. आगीपाशी गोंदाजी एकटा. सकाळी दोघं आले, निखारे घेऊन गेले. मग कोणी नाही. गोंदाजी आगीकडे बघत बसला. आगीनं एक तुकडा खाल्ला. त्यानं दुसरा घातला. तोही खाल्ला. तिसरा, चौथा, पाचवा. दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

'गिऱ्हाईक नाही आणि हिला मात्र चारतोय मी,' गोंदाजी मनाशी म्हणाला. 'माझ्या गोवऱ्या काय उतू चालल्यात? कोणी आलं की घालू.'

त्यानं वर राख ओढली आणि तिथेच घोंगडीवर कलंडला. पावसाचा आवाज, ओली हवा, डोळा लागला. उठला तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. घाईनं राख उकरली. बोराएवढा एक निखारा लुकलुकत होता. त्यानं तुकडा घातला. तुकड्यानं ओल धरली होती, नुसता धूर झाला. त्यानं फुंकर मारली. घाईची फुंकर ती. निखारा एकदा लाल झाला आणि मग काळा झाला.

बायको स्वयंपाकाला आली. चुलीत हात घातला. राख गार होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. गोंदाजी छपराचे वासे मोजत होता.

"आज सकाळचीच भाकरी खाऊ," तो म्हणाला. "धूर नको. लेकीला त्रास होतो."

बायकोनं सकाळची भाकरी काढून त्याच्यापुढे ठेवली.

सकाळी त्यानं काय करावं? सरळ जाऊन सांगायचं, "बाबांनो, आग माझ्याकडे विझली." चार शिव्या बसल्या असत्या, एवढंच. पण ज्यानं पारावर गोवरी फोडून दाखवली होती, ज्यानं 'आम्ही राखू' म्हटलं होतं, त्या तोंडानं हे सांगायचं? गोंदाजीनं खापरात गार राख भरली. वरून आणखी राख दाबली. आणि शेजारी भागाबाईच्या घरी नेऊन दिली.

भागाबाई म्हणजे एकटी बाई. दोन शेळ्या, एक झोपडी. कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं दोन्ही हात पुढे करून खापर घेतलं, देवाचा प्रसाद घ्यावा तसं.

"वरची राख उकरू नकोस, भागा," गोंदाजी म्हणाला. "वारं लागेल."

"नाही उकरत, दादा," ती म्हणाली.

दुपारी एक बाई निखारा मागायला गेली तेव्हा भागाबाईनं राख सारली. आत काही नव्हतं. तिनं तळापर्यंत उकरलं, बोटांनी चाचपलं. मग ती रडायलाच लागली.

गाव जमलं. "एवढंही जमत नाही तुला?" "झोपली असशील!" "चाळीस चुली गार केल्यास, बये!" भागाबाई एकच म्हणत होती, "मी उकरली नव्हती हो. शपथ घेते. काय झालं मलाच कळत नाही." आणि गर्दीत कोणीतरी म्हणालं, "गोंदाजीकडे असती तर विझली नसती."

सगळ्यांनी गोंदाजीकडे बघितलं. तो गर्दीत होता. आत्ता बोलला असता तरी चाललं असतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण त्यातून निघालं ते असं, "जाऊ द्या. एकटी बाई, तिच्याच्यानं काय होणार!"

स्वतःच्याच कानांवर ते शब्द आले तेव्हा त्याची कानशिलं तापली. त्या दिवशी गावात तेवढीच काय ती ऊब होती.

तीन दिवस गावात चूल पेटली नाही. भिजवलेले पोहे नि गूळ खाऊन लोक दिवस काढत होते. खिंडीतला ओढा फुगला होता म्हणून कोणी पलीकडे जाईना. पण ओढा हे एक निमित्त. त्या म्हातारीच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं, हे खरं कारण होतं. पाव तुकडा सगळ्यांनीच दिला होता.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गोंदाजीची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. पण नातीचं तोंड बघायला गोंदाजी दारात गेला तर सुईण त्याच्यावरच खेकसली.

"गरम पाणी कुठंय? शेगडी कुठंय? बाजेखाली विस्तव नाही, शेकायला काही नाही. लेकरू निळं पडतंय, दिसत नाही?"

लेकीनं बाळाला पोटाशी धरलं होतं. पण तिचंच अंग गार, ती कुठून ऊब देणार? बायको उठून दारापाशी आली आणि हळूच म्हणाली, इतकं हळू की फक्त त्यालाच ऐकू यावं, "तुम्ही विझवली. तुम्हीच आणा."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तीन दिवस ती गप्प होती.

गोंदाजीनं पानांचं इरलं डोक्यावर घेतलं, खापर घेतलं आणि पडवीत गोवरी घ्यायला वाकला. अख्खी गोवरी एकही नव्हती. सगळे तुकडे. त्यानं चार तुकडे वेचून कमरेला बांधले आणि धावत सुटला. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. कसा उतरला त्याचं त्याला माहीत.

खिंडीपलीकडच्या गावात म्हातारीची छपरी शोधावी लागली नाही. धूर दिसत होता. चार महिन्यांच्या पावसात दुरून धूर दिसणं म्हणजे काय, हे गोंदाजीला त्या दिवशी कळलं. तो दारात जाऊन थांबला.

"कोण ते? गोंदाजी?" म्हातारी म्हणाली. "भिजलास की रे. आत ये."

"मावशी," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला मावशी म्हटलं. "लेक बाळंत झाली. पोर गारठलंय. निखारा दे."

म्हातारी लगेच उठली. बाहेर बघितलं. पाऊस दोरखंडासारखा कोसळत होता. "ह्या सरीत उघड्या खापरातून नेलास तर खिंडीपर्यंतही टिकायचा नाही. अरुंद तोंडाचं गाडगं पाहिजे. मी कुंभाराकडून आणते. तोवर सरही ओसरेल. तू आगीपाशी बस."

"मी जातो गाडगं आणायला."

"तुला कुंभाराचं घर माहीत आहे? बस. आणि एवढं कर, विझू देऊ नकोस."

हे ती साधेपणानंच म्हणाली. पण गोंदाजीला ते काट्यासारखं रुतलं.

तो बसला. म्हातारीनं रचलेल्या अख्ख्या, कोरड्या गोवऱ्या शेजारी होत्या. आग थोडी बसली तशी त्यानं एक गोवरी घातली. धुरानं डोळे चुरचुरले. त्यानं दाराकडे बघितलं. कोणी नाही. नात डोळ्यांसमोर दिसत होती, निळं तोंड, मिटलेल्या मुठी. आग परत बसली. त्यानं दुसरी घातली. कोणी आलं नाही. पाऊस थांबेना, म्हातारी येईना. आगीला त्याचं काही नव्हतं. गिऱ्हाईक असो नसो, तिची भूक तेवढीच. त्यानं तिसरी घातली, आणि हात आगीवर तसाच राहिला.

तीन भाग जातात कुठे?

आग खाते, असं म्हातारी म्हणाली होती. खरं तेच सांगितलं होतं. सरळ, दोन शब्दांत. त्यानं विश्वास ठेवला नव्हता. उलट काय म्हणाला होता? 'का तू खातेस?' आणि लोक हसले होते.

गोंदाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. छपरीत दुसरं कोणी नव्हतं, तरी झाकलं.

म्हातारी गाडगं घेऊन आली. तळाशी राख घातली, त्यावर निखारे, त्यावर परत राख, वर झाकण. हात भराभर चालत होते.

"किती घातल्यास?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तीन."

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"हं," म्हातारी म्हणाली. मग गाडग्याला फडकं बांधता बांधता विचारलं, "तिकडची आग कोणाच्या पाळीला विझली रे?"

"भागाबाईच्या," गोंदाजी म्हणाला. सवयीनं निघून गेलं.

म्हातारीचे हात थांबले. "भागाच्या? नवल आहे. तिच्या चुलीची राख मी कधी गार बघितली नाही. वर्षातून दोनदासुद्धा यायची नाही माझ्याकडे."

बाहेर पाऊस ओसरत होता. गोंदाजीला पळून जावंसं वाटलं. पण गाडगं अजून म्हातारीच्या हातात होतं.

"माझ्या पाळीला," तो म्हणाला. "कोणी येत नव्हतं म्हणून मी गोवरी घातली नाही. विझली. आणि गार राख भागाला दिली."

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "हे मला सांगून काय उपयोग, गोंदाजी? मी इथं राहते."

गोंदाजी म्हणाला, "काय देऊ, मावशी?"

"एक गोवरी."

"एकच?"

"निखारे लेकरासाठी दोन जास्त घातलेत, ते राहू दे. भाव तोच आहे."

तिनं दहा मागितल्या असत्या तर बरं झालं असतं. शंभर मागितल्या असत्या तर फारच बरं. 'बघा, नड बघून लुटलं,' असं म्हणता आलं असतं. गोंदाजीनं कमरेचे चार तुकडे सोडले. ओढ्याच्या पाण्यानं त्यांचा लगदा झाला होता. तो लगदा हातात धरून तो उभा राहिला.

"ठेव तिथं," म्हातारी म्हणाली. "वाळल्यावर बघू. तू पळ आता. पोर वाट बघतंय."

तो पळाला. गाडगं पोटाशी धरून, इरलं त्याच्यावर धरून, स्वतः भिजत. घरी आला तेव्हा निखारे जिवंत होते. सुईणीनं बाजेखाली शेगडी ठेवली, पाणी तापलं, पोर शेकून निघालं. दुपारी ते असं रडलं की चार घरांना ऐकू गेलं. बायको आत गेली आणि रडली.

धूर दिसला तसं गाव लोटलं. प्रत्येकाच्या हातात खापर. "गोंदाजीनं आग आणली!" "एवढ्या ओढ्यातून!" "शेवटी गोंदाजीच कामाला आला!" कोणी पाठीवर थाप मारली. गोंदाजी निखारे वाटत होता. थाप बसली की त्याचं अंग आकसायचं. सगळ्यांच्या मागे, अंगणाच्या पार टोकाला, भागाबाई खापर घेऊन उभी होती. पुढे येत नव्हती. तीन दिवसांत तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

गोंदाजीनं चिमटा खाली ठेवला.

"आग भागाच्या हातून विझली नाही," तो म्हणाला. कोणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणाला. "ऐका. आग माझ्याकडे विझली. मी भागाला गार राख दिली. ती खरं बोलत होती आणि मी तिथं उभा राहून ऐकत होतो."

पाठीवर ज्याचा हात होता, त्यानं तो काढून घेतला.

भागाबाई पुढे आली. लोक आपोआप बाजूला झाले. गोंदाजीला वाटलं, ही आता शिव्या देईल. द्याव्यात. तो तयार होता.

"तीन दिवस मी माझ्या हातांना शिव्या दिल्या, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

एवढंच. मग तिनं खापर पुढे केलं. गोंदाजीनं निखारा घातला. भागाबाईनं पदराखालून एक गोवरी काढली, अख्खी, कोरडी, आणि त्याच्या उंबऱ्यावर ठेवली.

"नको, भागा," तो म्हणाला.

"भाव आहे तो," ती म्हणाली आणि निघून गेली.

ती गोवरी गोंदाजीला उचलवेना. दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथंच होती. येणारा-जाणारा तिला ओलांडून जात होता.

पाऊस कमी झाल्यावर गावानं म्हातारीला बोलावणं धाडलं. ती आली नाही. "इथल्या लोकांना माझी सवय झाली," एवढाच निरोप आला. मग पाराच्या मागची पडकी छपरी गोंदाजीनं स्वतः शाकारली आणि शेत वाट्यानं कसायला देऊन तिथे आग घेऊन बसला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कोणी नको असंही म्हटलं नाही. एका निखाऱ्याला एक गोवरी. कुंभाराकडे मडकं घ्यायला गेला तर आता तो आत हात घालत नसे. दाणे ठेवायचा आणि निघायचा.

वर्षं गेली. त्याची नात परकर नेसायला लागली. एका पावसाळ्यात गावात नवीन राहायला आलेला एक तरणा माणूस छपरीत आला. गोवरी ठेवली, निखारा घेतला आणि घुटमळला. निखाऱ्याकडे बघितलं. गोवरीकडे बघितलं.

"बाबा, एक विचारू? निखारा एवढासा आणि गोवरी एवढी. जरा जास्तच नाही का होत?" आणि त्यानं गोवरी उचलून गुडघ्यावर आपटली. चार तुकडे.

गोंदाजीनं मान खाली घातली. इतक्या वर्षांनीही त्याची कानशिलं तापली. त्या पोराचा त्याला राग आला नाही. त्याला पोराच्या जागी दुसराच कोणी दिसत होता.

"तुझं बरोबर असेल," तो म्हणाला. "मला जरा कुंभाराकडे जाऊन यायचंय. तेवढा वेळ आगीपाशी बस. आल्यावर भावाचं बघू. फक्त विझू देऊ नकोस."

"त्यात काय अवघड आहे?" पोरगा म्हणाला आणि ऐटीत बसला.

गोंदाजीला कुंभाराकडे काहीच काम नव्हतं. तो त्याच्या ओसरीवर जाऊन उगाच पाऊस बघत बसला. दुपार कलल्यावर परत आला. छपरीत कोणी गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. पोरगा अजून तिथेच होता. डोळे धुरानं लाल झाले होते. त्याच्याजवळचे चारही तुकडे आगीत गेले होते, आणि निखारा तसाच खापरात गार होऊन पडला होता.

गोंदाजीनं त्याला नवा निखारा दिला. पोरगा खाली मान घालून उठला आणि म्हणाला, "गोवरी घेऊन येतो."

तात्पर्य: ज्याच्या दारात आपण वेळी-अवेळी जाऊन हक्कानं हाक मारतो, त्याच्या वाट बघण्याचं मोल त्याच्या मालात धरलेलं असतं. भाव जास्त वाटला तर आधी एक दिवस त्याच्या जागी बसून बघावं, आणि मग वाटलंच तर तोंड उघडावं.